पायी वारीचे नियोजन आणि मुक्कामाचे गाव

(मुख्य पालखी मार्गापासून दूर, परंतु अनेक लहान दिंड्यांच्या वाटेवर असलेल्या एका तालुक्यात सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व विविध खात्यांचे कर्मचारी यांचे शिबिर झाले. त्या शिबिरात माहिती अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



पायी वारीच्या नियोजनाविषयी बोलावयाचे म्हटले की आळंदी आणि देहू येथून निघणारे दोन मोठे पालखी सोहळे आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. ते स्वाभाविकही आहे. या सोहळ्यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांपासून तलाठ्यांपर्यंत सारी यंत्रणा कित्येक आठवडे आधी कामाला लागते. परंतु त्यांपैकी एकही पालखी आपल्या तालुक्यातून जात नाही. आपल्याकडून जातात त्या साठ, शंभर, फार तर दीडशे माणसांच्या दिंड्या. कोणी विदर्भातून निघालेली असते, कोणी मराठवाड्यातून, कोणी खानदेशातून. त्यांच्यापुढे पोलिसांची गाडी नसते, मागे रुग्णवाहिका नसते आणि त्यांच्यासाठी रस्ताही बंद केला जात नाही. सायंकाळी शाळेच्या पटांगणात टाळांचा आवाज ऐकू आला म्हणजे दिंडी आल्याचे गावाला कळते आणि पहाटे ती निघूनही जाते. या दिंडीचे नियोजन कोणी करावयाचे, असा प्रश्न आहे. दिंडीप्रमुख आपल्यापरीने करतातच. उरलेले काम मुक्कामाच्या गावाचे आहे, आणि ते गावाने न केल्यास दुसरे कोणी करील अशी व्यवस्था आज अस्तित्वात नाही. माझे आजचे सांगणे मुख्यत: या कामाविषयी आहे.

आपण शासनातील माणसे नियोजन ही जणू आपलीच विद्या आहे असे समजतो. वारीकडे पाहिले म्हणजे हा समज थोडा सैल होतो. तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ च्या सुमारास पालखी सोहळा सुरू केला. त्या काळी तुकोबा आणि ज्ञानोबा या दोघांच्या पादुका एकाच पालखीतून जात. ज्ञानेश्वर महाराजांचा स्वतंत्र सोहळा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी उभा केला. हैबतबाबा हे शिंदे सरकारच्या चाकरीत राहिलेले गृहस्थ. लष्करी छावणीची शिस्त त्यांना ठाऊक होती, आणि ती सोहळ्यात आजही दिसते. मुक्काम हलविण्यापूर्वी तीन वेळा कर्णा वाजतो. पहिल्या कर्ण्याला आवराआवर, दुसऱ्याला दिंड्यांनी आपापल्या जागी उभे राहणे आणि तिसऱ्याला प्रस्थान. प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो. रथापुढील कोणत्या आणि रथामागील कोणत्या हे ठरलेले असते. लाखाचा समुदाय ध्वनिक्षेपकाशिवाय हलविण्याची ही पद्धत आहे.

यापेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती समाजआरतीची प्रथा. सायंकाळी पालखी तळावर आली की सर्व दिंड्या भोवती उभ्या राहतात. चोपदार चोप उंचावतो आणि टाळमृदंग एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीत राहते. चोपदार तेथे जातो, गाऱ्हाणे ऐकून घेतो आणि त्यावर निर्णय होतो. हरवल्या-सापडल्याची घोषणा होते, दुसऱ्या दिवशीच्या प्रस्थानाची वेळ सांगितली जाते, आणि मग आरती. गाऱ्हाणे त्याच दिवशी, सर्वांच्या समक्ष ऐकले जाते. आपल्या तक्रार निवारण दिनाचा अनुभव असलेल्यांना याविषयी मी अधिक सांगावयास नको.

नियोजनाचा आरंभ तिथीपासून होतो, आणि हिशोब उलटा करावयाचा असतो. आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोहोचावयाचे, हे पक्के. तेथून मागे मोजत यावयाचे. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान ठेवते, तुकाराम महाराजांची सप्तमीला देहूहून. शेगाव, मुक्ताईनगर, त्र्यंबकेश्वर अथवा पैठण येथून निघणाऱ्या पालख्यांचा दिवस त्यांच्या त्यांच्या अंतरानुसार ठरतो. तिथीची वृद्धी अथवा क्षय झाला तर एखादा मुक्काम वाढतो किंवा गळतो. म्हणूनच लोणंदचा मुक्काम एखाद्या वर्षी लांबतो आणि एखाद्या वर्षी एकाच रात्रीचा होतो. आपल्या गावी गतवर्षी ज्या तारखेला दिंडी आली त्याच तारखेला ती यंदा येईल, असे धरून चालणारी ग्रामपंचायत हमखास फसते. आषाढी एकादशी २०२३ साली २९ जूनला होती, २०२४ साली १७ जुलैला आणि २०२५ साली ६ जुलैला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती २५ जुलैला येते. या फरकाचा अर्थ कागदावर दिसतो त्याहून मोठा आहे. एकादशी जूनअखेर आली तर दिंडी आपल्याकडे जूनच्या मध्यास येते; तेव्हा विहिरींनी तळ गाठलेला असतो, टँकर चालू असतात आणि ऊन उतरलेले नसते. जुलैच्या अखेरीस आली तर प्रश्न चिखलाचा, गढूळ पाण्याचा आणि उघड्यावर झोपता न येण्याचा. तेव्हा पंचांग हे ग्रामपंचायतीच्या दप्तरात असावे, असे मी म्हणतो ते धार्मिक कारणासाठी नव्हे.

दुसरी गोष्ट टप्प्यांची. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचे टप्पे कसे बसविले आहेत ते पाहण्यासारखे आहे. पुण्याहून दिवे घाट चढून सासवडला जाण्याचा टप्पा तीस किलोमीटरांच्या आसपासचा आणि सर्वांत कष्टाचा. तो येतो पुण्यातील दोन रात्रींच्या मुक्कामानंतर, आणि त्याच्यानंतर सासवडला पुन्हा दोन रात्री. पुढे जेजुरी आणि वाल्हे हे तुलनेने लहान टप्पे. लोणंद ते तरडगाव हे अंतर तर दहा किलोमीटरांच्या आतले, परंतु त्या दिवशी चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण असते. शेवटी वाखरी ते पंढरपूर जेमतेम पाच-सहा किलोमीटर, कारण त्या दिवशी सर्व पालख्यांची गर्दी एकत्र होते. लांब चालीच्या मागेपुढे विसावा आणि गर्दीच्या दिवशी थोडी चाल, हा त्यामागील हिशोब. नव्याने निघणाऱ्या लहान दिंड्या नेमके हेच विसरतात. रजेचे दिवस मोजके असतात, म्हणून रोज तीस-पस्तीस किलोमीटरांचे टप्पे आखले जातात. तिसऱ्या दिवशी पायांना फोड येतात, चौथ्या दिवशी म्हातारी माणसे मागे पडतात आणि दिंडी काळोखात रस्त्यावर सापडते. आपल्या गावातून दिंडी निघत असेल तर शिक्षकांनी दिंडीप्रमुखांसमवेत बसून टप्प्यांचा तक्ता करावा. वीस किलोमीटर ही सर्वसाधारण चाल धरावी, प्रत्येक टप्प्याच्या निम्म्यावर सावली आणि पाणी असलेली जागा हेरून ठेवावी आणि आठवड्यातून एक दिवस हलका ठेवावा. निघण्यापूर्वी महिनाभर रोज चालण्याचा सराव हवा. वारीसाठी म्हणून नवी पादत्राणे घेऊ नयेत, पायाला सरावलेलीच न्यावीत. जुन्या वारकऱ्याला हे सांगावे लागत नाही. आता शहरांतून येणाऱ्या तरुण मंडळींना सांगावे लागते.

मुक्कामाच्या गावाकडे येतो. पंढरपूरच्या यात्रेबरोबर पटकीची साथ गावोगाव पसरत असे, हे एकोणिसाव्या शतकापासूनच्या सरकारी नोंदींवरून दिसते. पुढे यात्रेकरूंना लस टोचण्याच्या मोहिमा झाल्या. दंडावर सुई घेऊन वारीला निघालेली माणसे जुन्या पिढीला आठवत असतील. साथ पसरविणारे कारण चालणे हे नव्हते. पाणी आणि विष्ठा एकमेकांजवळ येणे हे होते. ते कारण आजही जागच्या जागी आहे.

तेव्हा हिशोब करू. आपत्तीनंतरच्या छावण्यांसाठी दरडोई दररोज किमान १५ लिटर पाणी हे आंतरराष्ट्रीय प्रमाण मानले जाते. त्यात पिणे, स्वयंपाक आणि जुजबी स्वच्छता येते. वारकरी पहाटे स्नान करतो आणि कपडे धुतो, म्हणून आपण दुप्पट धरू. १२० माणसांच्या दिंडीला ३,६०० लिटर लागतात. म्हणजे ५,००० लिटरचा एक टँकर किंवा तेवढ्याच क्षमतेची भरलेली टाकी एका रात्रीस पुरते. त्या पाण्यात दर १,००० लिटरला ५ ग्रॅम या प्रमाणात, म्हणजे एकूण २५ ग्रॅम, टी.सी.एल. पावडर मिसळून तासभर थांबावे आणि ओ.टी. चाचणी घ्यावी. पावडर जुनी व ओलसर नसावी; बऱ्याच ग्रामपंचायतींत ती उघड्या पिशवीत वर्षभर पडून असते आणि तिच्यातील क्लोरीन केव्हाच उडून गेलेला असतो. हे सारे काम पाणीपुरवठा कर्मचाऱ्याचे अर्ध्या तासाचे आहे. फक्त दिंडी येणार हे त्याला आदल्या दिवशी ठाऊक पाहिजे.

शौचालयांचा हिशोब अधिक अवघड. त्याच छावण्यांच्या प्रमाणानुसार वीस माणसांस एक धरल्यास १२० माणसांना सहा लागतात. मोठ्या पालखी तळांवर अलीकडे फिरती शौचालये मोठ्या संख्येने उभी केली जातात. आपल्याकडे ती येणार नाहीत. शाळेत दोन-तीन असतात आणि तीही लहान मुलांच्या सोयीची. मग उपाय काय? मुक्कामाच्या जागेभोवतीच्या सहा-आठ घरांनी पहाटे तीन ते सहा या वेळेत आपली शौचालये, विशेषत: वारकरी महिलांसाठी, खुली ठेवावीत. घरांवर खडूने खूण करावी आणि वाटेवर एक दिवा लावावा. यास निधी लागत नाही, मंजुरी लागत नाही. कोणीतरी आदल्या आठवड्यात त्या घरी जाऊन विचारावे लागते. दिंडीत बहुधा निम्म्याहून अधिक स्त्रिया असतात. अंधारात लांब जावे लागेल म्हणून सायंकाळपासून पाणीच न पिणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. दुसऱ्या दिवशी उन्हात भोवळ येते ती त्यांनाच.

शिक्षक मित्रांची एक अडचण मला माहीत आहे. दिंडी येते तेव्हा शाळा नुकतीच सुरू झालेली असते. वर्गखोल्या रात्री द्याव्या लागतात आणि सकाळी साडेदहा वाजता मुले आली की पटांगणात पत्रावळी, चुलीची राख आणि सांडपाणी असते. मग एखाद्या वर्षी शाळा कुलूप लावते आणि दिंडी रस्त्याच्या कडेला झोपते. दोन्ही बाजूंचे म्हणणे रास्त आहे. यावर मार्ग म्हणजे आधी ठरविणे: किती खोल्या उघडावयाच्या, चूल कोठे मांडावयाची, सांडपाण्याचा खड्डा कोठे आणि केर कोणी उचलावयाचा. केर दिंडीनेच उचलावा. विनंती केली तर वारकरी झाडू हाती घेतो. आपण सांगावयास संकोचतो. शाळा सहाव्या-सातव्या इयत्तेच्या मुलांकडून एक सुरेख काम करून घेऊ शकते. दिंडीतील माणसे कोणत्या गावची, किती दिवस चालली, त्यांच्याकडे पेरणी झाली का, हे मुलांनी विचारून लिहून घ्यावे. भूगोलाचा तो चांगला तास होतो.

भोजनाविषयी गाव कधीच कमी पडत नाही. उलट एकाच सायंकाळी तीन घरांकडून पंगतीचे आमंत्रण येते आणि पुढील चार गावांत काही नसते. तेव्हा शिधा द्यावा, शिजवलेले अन्न बेताने द्यावे. इरावती कर्वे यांनी ‘परिपूर्ती’ या १९४९ च्या संग्रहातील ‘वाटचाल’ या लेखात आपल्या वारीचे वर्णन केले आहे. एका दिंडीतून एकत्र चालणारी माणसे जेवावयास मात्र जातीनुसार वेगळी बसतात, याची त्यांना वाटलेली खंत त्यात आहे. काळ पुष्कळ बदलला. तरीही गावाची पंगत वाढताना कोण कोठे बसले आहे हे सरपंचांनी एकदा पाहून घ्यावे.

आता रस्त्याविषयी. मला सर्वांत अधिक काळजी वाटते ती याच बाबतीत. नोव्हेंबर २०१९ मध्ये पंढरपूरहून आळंदीकडे निघालेल्या संत नामदेव महाराजांच्या दिंडीत दिवे घाटात मातीकाम करणारे यंत्र शिरले. दोन वारकरी मृत्यू पावले, अनेक जखमी झाले. आळंदी आणि देहूच्या पालखी मार्गांचे चौपदरीकरण हाती घेण्यात आले, नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याचा कोनशिला समारंभ झाला आणि त्या रस्त्यांच्या कडेने पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट आखण्यात आली. तालुक्यातालुक्यांतून जाणाऱ्या आपल्या दुपदरी रस्त्यांवर अशी वाट नाही. रस्ता रुंद झाला, डांबर गुळगुळीत झाले, वाहनांचा वेग वाढला. साइडपट्टी मात्र तशीच खचलेली राहिली. त्यामुळे दिंडी डांबरावर चालते. पहाटे चार वाजता चालते.

येथे तीन-चार साध्या गोष्टी परिणाम करतात. पदपथ नसलेल्या रस्त्यावर पायी चालणाऱ्याने समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या कडेने चालावे, हा नियम दिंडीने पाळावा. सर्वांत पुढच्या आणि सर्वांत मागच्या माणसाच्या अंगावर उजेडात चमकणारे पट्टे असावेत, हातात विजेरी असावी. पताका दिवसा दिसते, रात्री दिसत नाही. उजाडण्यापूर्वी चालावयाचेच असेल तर शक्यतो जुन्या गाडीवाटेने अथवा आतल्या रस्त्याने जावे. तो कोठे फुटतो हे गावाच्या माणसालाच माहीत असते, म्हणून गावाने एक वाटाड्या द्यावा. सामानाची मालमोटार दुपारीच पुढे येते, तिला हमरस्त्यावर उभी राहू देऊ नये. आणि रस्त्याच्या कडेला किंवा उभ्या मालमोटारीच्या सावलीत कोणालाही झोपू देऊ नये. शेवटचे विशेष लक्षात ठेवावे. दमलेला माणूस जागा पाहून झोपत नाही.

आरोग्य विभागाच्या सहकाऱ्यांना मी काय सांगणार? तरीही एक गोष्ट सांगतो. मलमपट्टी आणि जलसंजीवनी यांची तयारी आपण करतो. पण साठीच्या पुढच्या वारकऱ्याच्या पिशवीतील रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या दहाव्या दिवशी संपलेल्या असतात, आणि तो कोणास सांगत नाही. सायंकाळी आशाताईंनी पंगतीत एक फेरी मारून ‘गोळ्या आहेत का?’ एवढे विचारावे. प्रत्येकाच्या गळ्यात नाव, गाव, नातेवाइकाचा दूरध्वनी क्रमांक आणि चालू औषधे लिहिलेले कार्ड असावे. १०८ ची रुग्णवाहिका बोलावता येते, पण ‘आम्ही कोठे आहोत’ हे परक्या मुलखातील माणसाला सांगता येत नाही. म्हणून गावाने शाळेच्या भिंतीवर गावाचे नाव, तालुका, जवळचा फाटा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र हे ठळक अक्षरांत लिहून ठेवावे.

या साऱ्याचा आधार एक वही आहे. तिला दिंडी नोंदवही म्हणा. दिंडीचे नाव, मूळ गाव, दिंडीप्रमुखांचा क्रमांक, स्त्रिया किती, पुरुष किती, काल कोठे होती, उद्या कोठे जाणार. एवढे लिहून झाले की उद्याच्या मुक्कामाच्या ग्रामपंचायतीला दूरध्वनी करावयाचा: ‘१२० माणसे, ७० बाया, एक मालमोटार, पाच वाजेपर्यंत पोहोचतील.’ पुढच्या गावाने तोच निरोप त्याच्या पुढच्या गावास द्यावा. आज आपल्या तालुक्यातील कोणत्याही ग्रामपंचायतीस विचारले की गतवर्षी किती दिंड्या येऊन गेल्या, तर उत्तर मिळते, ‘येतात बऱ्याच.’ अशा उत्तरावर टँकर मागता येत नाही. दोन वर्षांची वही हाती असली तर पंचायत समितीकडे आकडे घेऊन जाता येईल. १ मेची ग्रामसभा ही या कामासाठी सोयीची. पंचांग पाहून तारीख काढावी, गतवर्षीची वही वाचावी आणि पाणी, खोल्या, शौचालये, वाटाड्या यांसाठी माणसे नेमावीत. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी साथीमुळे पायी वारी झाली नाही, पादुका एस.टी. बसने पंढरपूरला गेल्या. २०२२ मध्ये वारी पुन्हा सुरू झाली, तेव्हा दोन वर्षांत सरपंच बदललेल्या गावांत मागील व्यवस्था कोणासच नीट सांगता येईना. सारे एकदोघांच्या स्मरणात होते, कागदावर काही नव्हते.

परतीचा विचार कोणीच करीत नाही. पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला की बहुतेक वारकरी वाहनाने घरी जातात. लांबच्या दिंड्या पुष्कळदा सामानाच्याच मालमोटारीत दाटीवाटीने बसून रात्रीच निघतात, चालकही तीन आठवड्यांचा दमलेला असतो. त्याऐवजी गावाने एस.टी.च्या आगाराशी आधी बोलावे. आषाढीला जादा गाड्या सोडल्या जातात, चाळीसएक प्रवासी एकत्र असले तर गावासाठी स्वतंत्र गाडीची मागणी करता येते. पंचाहत्तर वर्षांवरील प्रवाशांना भाडे नाही आणि महिलांना निम्मे आहे, हे अजूनही अनेकांना माहीत नसते. पालख्या मात्र पायीच परततात. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी जाताना जे अंतर अठरा-एकोणीस दिवसांत चालते ते येताना सुमारे दहा दिवसांत कापते. टप्पे लांब होतात, माणसे थोडी उरतात, आणि वाटेवरचे मंडप, टँकर, दवाखाने केव्हाच हललेले असतात. आपल्या वाटेने परतणाऱ्या एक-दोन दिंड्या आहेत. तीस-चाळीस माणसे असतात, भर पावसात येतात आणि बहुतेक वेळा शाळा बंद झाल्यावर येतात. नोंदवहीत त्यांच्यासाठी मागच्या बाजूस एक पान राखून ठेवावे, आणि परतीचा मुक्काम कोणत्या रात्री पडेल ते जातानाच दिंडीप्रमुखांकडून लिहून घ्यावे. शाळेची किल्ली त्या रात्री कोणाकडे असेल, तेही त्याच पानावर.